जेवणाचा कोट

ठाकूरद्वारच्या आमच्या टेलरमास्तरांनी काळं कापड उजेडात धरलं, कॉलरीसाठी आणलेली सॅटिनची पट्टी अंगठ्याने चोळून बघितली आणि चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहत विचारलं, "कॅटरिंगचं काम घेतलंय काय साहेब? किती नग करायचे?"

एकच नग करायचा होता. आणि तो साहेबांनाच घालायचा होता.

ही २०१२ सालची गोष्ट. नवऱ्याने बँकेतून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि लंडनच्या धाकट्या दिराने "आता तरी या" म्हणत साउदॅम्प्टनहून निघणाऱ्या जहाजाची सात रात्रींची तिकिटं परस्पर काढून टाकली होती. तिकिटांच्या मागोमाग एक पत्रक आलं. जहाजावर इस्त्री आणू नये, मेणबत्त्या आणू नयेत वगैरे झाल्यावर त्यात जेवणाच्या कपड्यांवर अख्खं पान होतं. सातपैकी दोन रात्री ‘फॉर्मल’. पुरुषांनी डिनर जॅकेट आणि बो, निदान गडद सूट आणि टाय. बायकांनी लांब झगा. आणि सगळ्यात शेवटी, किंवा आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख. ही शेवटची ओळ माझ्या कामाची होती. एक पैठणी, एक नारायणपेठ, माझा प्रश्न मिटला. नवऱ्याचं काय? दीर फोनवर म्हणाला, "दादा, सूटही चालतो रे, पण बहुतेक सगळे जॅकेटच घालतात. उगाच वेगळं दिसायला नको."

या ‘वेगळं दिसायला नको’पायी आपण आयुष्यात किती पैसे घालवतो याचा हिशेब कधीतरी मांडायला हवा.

मास्तरांच्या प्रश्नात खवचटपणा नव्हता. मुंबईत तो कोट अंगावर दिसतो कुणाच्या? लग्नाच्या हॉलमध्ये सूपचे ट्रे फिरवणाऱ्या मुलांच्या, नाही तर मोठ्या हॉटेलात खुर्ची मागे ओढून देणाऱ्यांच्या. नवरदेव शेरवानीत असतो, व्याही सफारीत किंवा जोधपुरीत आणि जावई घामाघूम होऊन थ्री-पीसमध्ये. काळा कोट, पांढरा शर्ट, गळ्याशी काळं फुलपाखरू, हे आपल्याकडे वाढणाऱ्याचं लेणं. मास्तरांनी आयुष्यभर ते डझनाच्या हिशेबाने शिवलं होतं.

सासूबाईंना मात्र कोटाच्या दिसण्यापेक्षा त्याच्या कारणाचं नवल वाटलं. "फक्त जेवायला कोट? आणि सांडलं म्हणजे?" त्या दिवसापासून घरात त्याचं नाव ‘जेवणाचा कोट’ पडलं. डिनर जॅकेटचं याहून चोख भाषांतर मला अजून सुचलेलं नाही.

सासूबाईंना नवल वाटणं साहजिक होतं, कारण त्यांनी सासरी येऊन जो जेवणाचा पोशाख पाहिला तो नेमका उलटा होता. त्यांचे सासरे कचेरीतून आले की कोट काढायचे, सदरा काढायचे, हातपाय धुऊन वलणीवरचा सोवळ्याचा मुकटा नेसायचे आणि उघड्या अंगाने पाटावर बसायचे. सदरा घालून पंगतीला बसलेला माणूस म्हणजे अगदीच वळण नसलेला. वलणी उंच बांधलेली, मुकटा काठीने काढायचा, पोरांनी शिवायचा नाही. साहेब जेवायला बसताना कोट चढवतो आणि आमचे आजेसासरे उतरवतात, फरक एवढाच. बाकी तर्क तोच. दिवसभराचे कपडे, बाहेरची धूळ आणि बाहेरची माणसं जेवणापर्यंत येता कामा नयेत. दोन्हीकडे कपडे बदलायला सवड असलेला माणूस वेगळा आणि त्याचं पान वाढणारी, त्याचे कपडे धुणारी माणसं वेगळी. आणि उगाच गोडवे नकोत. सोवळं हे स्वच्छतेपुरतं कधीच नव्हतं, पंगतीत कोण बसणार नाही हे न बोलता सांगायची ती सोय होती. जहाजावरचा बो हे त्याचंच गोऱ्या साहेबाचं रूप म्हटलं तर फार चुकणार नाही. तिथे जात नव्हती, तिकिटाचा वर्ग होता.

एक गंमत मला पुढे वाचताना कळली. आज ज्याला औपचारिकपणाचा कळस मानतात तो हा कोट जन्मला तेव्हा बऱ्यापैकी ऐसपैस, घरगुती समजला जायचा. खरा रीतीचा पोशाख म्हणजे मागे शेपट्या असलेला कोट आणि पांढरा बो. त्या शेपट्यांवर बसून कंटाळलेल्या इंग्रज बड्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात बिनशेपटीचा आखूड कोट काढला. १८८० च्या दशकात तो अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्क नावाच्या धनिकांच्या वस्तीत मिरवू लागला आणि तिथलं नाव घेऊन जगभर गेला. तेव्हाही म्हातारे म्हणालेच असतील, काय ही आजकालची मुलं, जेवायला काहीही घालून येतात.

त्याच पोशाखातला कमरेचा रुंद पट्टा, कमरबंड, हा तर आपलाच. फारसी-हिंदुस्थानी कमरबंद इंग्रज अधिकाऱ्यांनी इथे उचलला. पूर्वेकडच्या बोटींवर तांबड्या समुद्रातल्या उकाड्यात कोट असह्य व्हायचा, तेव्हा कोट काढायचा, शर्ट-पँट आणि कमरबंड तेवढा ठेवायचा अशी सवलत निघाली. तिला ‘रेड सी रिग’ म्हणतात. म्हणजे घामाने रडकुंडीला आलेल्या साहेबाची लाज शेवटी आपल्या कमरबंदाने राखली. उलट बाजूला, जेवणाच्या हॉलमध्ये जे चालणार नाही म्हणून बजावतात त्या जीन्सच्या गोतातली डंगरी बघा. तो शब्द आला मुंबईतल्या आपल्या डोंगरीवरून. डोंगरीच्या बाजारातलं ते जाडंभरडं, स्वस्त सुती कापड खलाशी शिडांना आणि अंगाला वापरायचे. आज बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून डोंगरीला टॅक्सी सांगितली तर जवळचं भाडं म्हणून टॅक्सीवाला तोंड वाकडं करील. साहेबाच्या पंगतीत चालणारा कमरबंद या देशाचा आणि न चालणारी डंगरी या गोदीच्या दारातली. वरचा शब्द गोऱ्या अधिकाऱ्यांनी नेला, खालचा खलाशांनी.

बो बांधायला नवरा युट्यूबवर शिकला. सराव माझ्या साडीच्या फॉलच्या पट्टीवर. पंधरा दिवस रोज संध्याकाळी आरशासमोर हा माणूस गळ्यात पिस्ता रंगाचा फॉल घालून उभा असायचा. शेवटी जमलं. तयार हूकवाला बो घेऊ या म्हटलं तर दिराने सांगितलं होतं, तो हलका समजतात, लगेच ओळखू येतो.

जहाजावर दिराने पहिल्याच संध्याकाळी आम्हाला ‘पॉश’ शब्दाची गोष्ट रंगवून सांगितली. विलायतेहून मुंबईला जाताना डावीकडची खोली आणि परतताना उजवीकडची, म्हणजे उन्हाचा ताप कमी, म्हणून श्रीमंतांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या शब्दांची आद्याक्षरं छापत. गोष्ट झकास आहे, पण तसं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही आणि कोशकार ती मानत नाहीत. मी तेव्हा काही बोलले नाही. दुसऱ्याच्या पैशाने बोटीत बसल्यावर माणसाने थोडं कमी बोलावं. मात्र दिराने सांगितलेली दुसरी गोष्ट खरी होती. पहिल्या रात्री कुणी नटत नाही. जुन्या बोटींवर पेटारे उघडायला वेळ मिळत नसे, म्हणून पहिली रात्र माफ, आणि पुन्हा बांधाबांध करायची म्हणून शेवटचीही माफ. पेटाऱ्यांवर चिठ्ठ्या लावायचे, हा खोलीत हवा, हा प्रवासात नको. पेटारे गेले, चिठ्ठ्या गेल्या, पण पहिल्या रात्रीची माफी बॅगांच्या काळातही टिकून होती.

दुसऱ्या रात्री तो कोट बाहेर आला. सांगायला हरकत नाही, नवरा देखणा दिसत होता. जिन्याच्या पायथ्याशी पडदे लावून फोटोग्राफर उभे होते, जोड्याजोड्यांनी फोटो काढत होते. (फॉर्मल रात्र जहाजवाल्यांना इतकी प्रिय का, याचं एक उत्तर तिथे होतं. दुसऱ्या दिवशी ते फोटो भिंतीवर लागतात आणि विकत घ्यावे लागतात.) जेवण झालं. मी आणि जाऊ फोटो बघायला गेलो आणि नवरा लाउंजच्या खांबाशी आमची वाट बघत उभा राहिला. तेवढ्यात सोफ्यावरच्या एका आजीबाईंनी त्याच्याकडे बघून हात वर केला आणि गोड हसून म्हणाल्या, कॉफी, दूध नको.

त्याने आणून दिली.

हे त्याने मला रात्री खोलीत, बो सोडताना सांगितलं. मी संतापले. "सांगायचं नाही का, मी वेटर नाही म्हणून?" तर म्हणाला, "अगं, बाई ओशाळली असती. काउंटर चार पावलांवर होता. आणि मास्तरांनी आधीच सांगितलं होतं." मग थोड्या वेळाने, दिवा मालवल्यावर, "साखर विचारायची राहिली," म्हणाला. मला हसू आलं नाही. सॅटिनची कॉलर तीच, बो तोच, हाताने बांधलेला. लाउंजमध्ये तसे कोट पन्नास होते. त्या पन्नासांतून आजीबाईंनी बरोबर हाच का निवडला हे आम्हा दोघांनाही कळत होतं आणि दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

पुढच्या फॉर्मल रात्री त्याने जेवणाचा कोट घातला नाही. बॅगेच्या तळाशी होता तो रेशमी झब्बा, पायजमा आणि वर खादीचं जाकीट. दिराचा चेहरा उतरला. दारावरच्या माणसाने क्षणभर वर-खाली पाहिलं, मग पत्रकातली शेवटची ओळ त्यालाही आठवली असावी. आत गेल्यावर शेजारच्या टेबलावरचे दोघंतिघं उठून कौतुक करून गेले, किती सुरेख, किती राजेशाही. पहिल्यांदा त्यांच्यासारखा होऊन गेला तर वेटर ठरला, दुसऱ्यांदा वेगळा राहिला तर महाराजा ठरला. या दोन्हींच्या मधली बोरिवलीच्या निवृत्त शाखाधिकाऱ्याची जागा त्या जहाजावर नव्हतीच.

या वाटेने आपल्याकडचे मोठे लोकही गेले आहेत. १८८८ च्या सप्टेंबरात मुंबईहून विलायतेला निघालेला अठरा वर्षांचा मोहनदास गांधी बोटीवर काळा सूट घालत होता, पण काट्याचमच्याची सवय नाही आणि कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायचा धीर नाही, म्हणून तो जेवणाच्या टेबलावर गेलाच नाही. खोलीत बसून घरून आणलेली मिठाई आणि फळं खाऊन त्याने प्रवास काढला. मित्रांनी करून दिलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट त्याने उतरायच्या दिवसासाठी जपून ठेवला होता. सप्टेंबरअखेरीला इंग्लंडात तो घालून उतरला, तर अख्ख्या धक्क्यावर पांढऱ्या कपड्यांतला तो एकटाच. ती शरम त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. १९३१ साली हाच माणूस ‘राजपुताना’ बोटीने पुन्हा मुंबईहून निघाला, तेव्हा पंचा नेसून निघाला आणि तसाच राजवाड्यात चहाला गेला. मधली ४३ वर्षं सगळ्यांना तशी मिळत नाहीत. बाकीचे फॉलच्या पट्टीवर सराव करतात.

आमच्या घरात या सफरीआधी बोटीचा प्रवास म्हणजे कोकणची बोट. माझी आजी दाभोळहून यायची. खाडीतून पडावात बसायचं, पडाव हेलकावत बोटीला भिडायचा, वरून कुणीतरी हात धरून ओढून घ्यायचं. डेकवर घोंगडी पसरून जागा पकडायची, भाकरी आणि लसणाची चटणी फडक्यात, पहाटे भाऊचा धक्का. कपड्यांचा नियम एकच, लुगडं वाऱ्याने उडणार नाही असं करकचून खोचायचं. बोट लागायची ती सगळ्यांना सारखीच लागायची.

आता जहाजांचं सांगते. आम्ही गेलो तेव्हाच ही फॉर्मल रात्र उताराला लागली होती, आम्हाला पत्ता नव्हता. ‘नॉर्वेजियन’ नावाच्या क्रूझ कंपनीने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ म्हणत ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल आणि ठरलेले कपडे या तिन्हींना सुट्टी दिली. ‘सेलिब्रिटी’ या दुसऱ्या कंपनीने २०१५ अखेर फॉर्मल रात्रीचं नाव बदलून ‘इव्हिनिंग शीक’ केलं, म्हणजे छान या, टाय नाही घातलात तरी चालेल. कार्निव्हलची ‘क्रूझ एलिगंट’ झाली, पी अँड ओच्या काळ्या टायच्या रात्रीची ‘सेलिब्रेशन नाइट’. व्हायकिंगच्या समुद्री जहाजांवर पहिल्यापासूनच ती भानगड नाही. व्हर्जिनने कपड्यांचे नियम नकोत म्हणून जाहीर केलं आणि मग एका रात्री सगळ्यांनी लाल घालायची पद्धत पाडली. क्युनार्ड तेवढी अजून खिंड लढवते आहे. तिथे गाला रात्री संध्याकाळी सहानंतर मुख्य हॉलमध्ये डिनर जॅकेट किंवा गडद सूट लागतो, आणि ज्यांना नको त्यांच्यासाठी बुफे आणि दोनचार कोपरे मोकळे. क्युनार्डवर लोक त्यासाठीच जातात, ती काय सोडणार!

कारणं विचाराल तर लोक ‘नवी पिढी’ म्हणून मोकळे होतात. मला सगळ्यात मोठं कारण विमानाची बॅग वाटते. जहाज घराशेजारच्या बंदरातून सुटत होतं तोवर पेटारा भरून कोट नेता यायचा. आता आधी विमान, त्यात किलोंचा हिशेब, वर अमेरिकेत साध्या बॅगेचेही वेगळे पैसे. दोन रात्रींसाठी कोट, काळे बूट आणि कमरबंड कोण वाहून नेणार? मग सफरी आखूड झाल्या. तीन रात्रींच्या सफरीतली पहिली आणि शेवटची रात्र जुन्या रिवाजाने माफ, उरली एक. जेवायच्या जागा वाढल्या, कुठे सुशी, कुठे पिझ्झा, तेव्हा दारावर उभं राहून गळे तपासणारा एकच माणूस पुरेना. आणि मुख्य म्हणजे कचेरीतच टाय गेला. जो माणूस साहेबासमोर टाय लावत नाही तो सुट्टीत कशाला लावेल?

जमिनीवर हे इतक्या सहज सुटलेलं नाही. मुंबईतल्या एका जुन्या क्लबाने १९८८ मध्ये एम. एफ. हुसेन यांना अनवाणी आहेत म्हणून आत घेतलं नव्हतं. चेन्नईत २०१४ साली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनाच वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसल्याबद्दल एका क्लबाच्या दारातून परत पाठवलं, तेव्हा तमिळनाडू सरकारने त्याच वर्षी कायदा करून ती बंदी मोडली. आपल्या नौदलाने अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये कुर्ता-पायजमा चालेल असं २०२४ च्या फेब्रुवारीत सांगितलं. जाकीट हवं, पायात बूट किंवा सँडल हवी, वगैरे अटी आहेतच. ती बातमी नवऱ्याने मला मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाला, "बघ, मी बारा वर्षं आधी."

त्याच वर्षीच्या डिसेंबरात आमच्या सोसायटीतल्या नऊ कुटुंबांनी मुंबईहून सुटणारी तीन रात्रींची सफर ठरवली. टॅक्सी बॅलार्ड इस्टेटीच्या दगडी इमारतींमधून वळली तेव्हा मला माझे वडील आठवले. पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून होते. साठच्या दशकात इटालियन कंपनीच्या ‘व्हिक्टोरिया’ आणि ‘एशिया’ या पांढऱ्या बोटी त्यांनी शेकडो वेळा पाहिल्या, कागदांवर शिक्के मारले, पण आत जेवायचा योग कधी आला नाही. एकदा एका गोवेकर स्टुअर्डने त्यांना छापील मेनूकार्ड दिलं होतं. ते आमच्या घरी पंचांगाच्या शेजारी खिळ्याला टांगलेलं असायचं आणि आई त्यावर दुधाचा हिशेब लिहायची.

सफरीच्या कागदांवर जेवणाच्या कपड्यांबद्दल दोनच शब्द होते, ‘स्मार्ट कॅज्युअल’. या दोन शब्दांचा अर्थ नऊ कुटुंबांनी नऊ प्रकारे लावला. नवऱ्याने कपाटातला जेवणाचा कोट काढून गॅलरीत वाऱ्यावर धरला, डांबराच्या गोळ्यांचा वास खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला असेल. मुलगी म्हणाली, "बाबा, प्लीज." कोट पुन्हा आत गेला. मग व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर बायकांनी कारभार हातात घेतला. पहिल्या रात्री पांढरं, दुसऱ्या रात्री बॉलिवूड, तिसऱ्या रात्री ‘ब्लॅक अँड ब्लिंग’. जहाजाने सोडून दिलेले नियम दोन तासांत दुप्पट होऊन परत आले. मला आश्चर्य वाटलं नाही. नवरात्रात सकाळी ८:१२ च्या लोकलचा लेडीज डबा बघा. अख्खा डबा एकाच रंगाचा, तेही एका वर्तमानपत्राने रोजचे रंग छापायला सुरुवात केली एवढ्या बळावर. दारावर कुणी उभं नाही, दंड नाही. पण हिरव्याच्या दिवशी पिवळी साडी नेसून त्या डब्यात चढून दाखवावं.

‘पांढऱ्या’ रात्री मी पांढरी, लाल काठाची इरकल नेसले. एसी इतका थंड की पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यावा लागला. जेवणाच्या हॉलमध्ये शिरले आणि बघितलं, आमचा ग्रुप सोडला तर सगळं मोकळंढाकळं. शॉर्ट, टीशर्ट, कुणाच्या पायात खोलीतल्या पांढऱ्या सपाता. पलीकडच्या टेबलावरचे एक गृहस्थ पोहण्याच्या तलावावरून थेट आले असावेत, केस ओले, खांद्यावर टॉवेल. पहिल्या पाळीला जैन मंडळी सूर्यास्ताआधी उरकायला येऊन गेलेली. खरं सांगायचं तर माझा विरस झाला. ज्या नियमाने माझ्या नवऱ्याला कॉफी आणायला लावली तो गेला याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण इरकलीच्या निऱ्या सारख्या करताना मला वाटत होतं, निदान टॉवेल तरी खोलीत ठेवायला हवा होता. माणसाचं मन असं असतं, त्याला मी काय करू?

आमच्या टेबलाचा वेटर आला. बावीस-तेवीसचा मुलगा, काळा वेस्टकोट, पांढराशुभ्र शर्ट, गळ्याशी काळा बो, इस्त्रीची घडी हाताला लागेल अशी. त्या हॉलमध्ये आमच्या जुन्या पत्रकाप्रमाणे जेवायला आलेला तो एकटाच होता आणि तो जेवणार नव्हता. नवऱ्याने नेहमीच्या सवयीने नाव-गाव काढलं. गुहागरकडचा. मग काय, मराठीत सुरू.

"बो स्वतः बांधतोस?" नवऱ्याने विचारलं. फॉलच्या पट्टीचे पंधरा दिवस त्याच्या आवाजात होते.

मुलाने इकडेतिकडे पाहिलं, मान किंचित वळवून कॉलर उचलली. मागे पितळी हूक. "तयार मिळतो काका. बांधत बसायला वेळ कुठाय? दोन आहेत, एक धुवायला, एक गळ्यात."

याआधी तो एका परदेशी जहाजावर होता. तिथे फॉर्मल रात्री असायच्या. मी विचारलं, तिथलं बरं की इथलं? त्याने पाण्याचा जग ठेवता ठेवता सांगितलं, "कामाला इकडे बरं, पाहुणे लगेच उठतात. पण काकू, कपडे करून आलेला माणूस हळू जेवतो. नाव विचारतो."

"आणि टीशर्टवाला?"

"तो बुफेला जातो. तीनदा."

तीन दिवस तो आमचा झाला. नवऱ्याला वरणात तूप लागतं हे दुसऱ्या जेवणाला त्याला पाठ होतं. शेवटच्या रात्री बक्षिसी दिली तर दोन्ही हातांनी घेतली आणि बो सरळ केला. ती त्याची लकब होती, दर वेळी प्लेट ठेवली की दोन बोटं गळ्याशी.

सकाळी बॅलार्ड पिअरला उतरलो. बाहेर नेहमीची बोंबाबोंब, सोसायटीची मिनीबस गेटपाशी अडकलेली, बॅगांमध्ये आम्ही उभे. मागून कुणीतरी म्हटलं, "काकू, निघालात?"

वळून पाहिलं. फुलाफुलांची शॉर्ट, फिकट टीशर्ट, पायात सपाता, पाठीवर सॅक आणि हातात दोरीने बांधलेला खोका. जहाजावरचाच कुणीतरी पाहुणा असावा, तिकडच्या डेकवर दिसला असेल. मी हसले, अनोळखी माणसाकडे बघून हसतात तसं. नवऱ्यानेही ओळख नसलेली मान हलवली.

"साइन-ऑफ झालं ना आज. सात महिन्यांनी. रात्रीची कोकणकन्या आहे."

आम्ही दोघं अजून बघतच होतो. मग त्याने खोका गुडघ्यावर टेकवला, मान थोडी वर केली आणि दोन बोटं उघड्या गळ्याशी नेली.